सूर्य नसलेलं तिकीट

८ मार्च, शनिवार

चिठ्ठी निघाली! बावीस वर्षं लागली, पण निघाली.

आज तिकीट मंडळाची सभा झाली, नेहमीप्रमाणे दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तेच आमचे अध्यक्ष. सभासद बाकांवर बसतात आणि ते स्वतः पेशंटच्या खुर्चीत. तेवीस तारखेला प्रदर्शन आहे. कोणी कोणाचा अल्बम तपासायचा, याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी हात घातला, चिठ्ठी उघडली, आणि हसू दाबताना ठसका लागला. भिंग!

भिंग म्हणजे केमिस्ट्रीचे निवृत्त मास्तर. गळ्यात दोरीला भिंग बांधून हिंडतो, म्हणून मी त्याला भिंग म्हणतो. मला सगळं मंडळ पाठीमागे चांदोबा म्हणतं, आणि ते त्याच्याच कृपेने.

आमचा नियम साधा आहे. अल्बम बारा दिवस परीक्षकाच्या घरी राहतो. त्या दिवसांत दोघांनी एकमेकांशी अल्बमबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. परीक्षकाने ‘निर्दोष’ लिहिलं तर अल्बमची पानं काचेच्या चौकटीत लावून प्रदर्शनात मांडतात. एका जरी पानावर ‘संशयास्पद’ लिहिलं, तर सगळ्या चौकटीवर तपकिरी कागद चिकटवतात आणि ती तशीच तीन दिवस हॉलमध्ये उभी ठेवतात. येणारा-जाणारा कागदाचा कोपरा उचलून बघतो आणि हसतो. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

डॉक्टरांनी विचारलं, “तुम्हाला चालेल ना? नसेल तर बदलून देतो.”

म्हटलं, “न चालायला काय झालं? नियम तो नियम.”

भिंगाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हल्ली बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो. नजरेला नजर द्यायची छाती लागते!

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती, ती थांबली. म्हणाली, “बदलून घ्या ना.” बदलून घ्या म्हणे. बावीस वर्षं दबा धरून बसलेल्या मांजराला कोणी सांगतं का, की बाबा रे, आजचा उंदीर बदलून घे?

९ मार्च, रविवार

अल्बम आला. डॉक्टर स्वतः घेऊन आले. हिने विचारलं, “मास्तर नाही आले?” तर म्हणे त्यांना हल्ली जिना जमत नाही. ढोंगी! माझ्या दारात यायला तोंड नाही, म्हणून जिन्याचं निमित्त.

आज फक्त वेष्टन काढलं. बघायची घाई नाही. आधी हे एकदाचं लिहून काढतो, म्हणजे पुढे मन डगमगायला नको.

मी एकतीस वर्षं छापखान्यात रंगीत मशीनवर होतो. बावीस वर्षांपूर्वी नवं मशीन आलं, ते चालवायला नवी पोरं आली, आणि मला कागदाच्या गोदामात रिमं मोजायला बसवलं. त्याच दिवसांत एका रविवारी अल्बम चाळताना मला ते दिसलं. वाळवंटातल्या खडकांचं तिकीट. तसं ते कोणाकडेही असतं: दोन तांबूस खडक, एक उभा, एक त्याच्यावर रेललेला, खाली वाळू, मागे निळं आभाळ, आणि दोन खडकांच्या फटीत पिवळा सूर्य. माझ्या तिकिटावर सूर्य नव्हता! त्याच्या जागी पांढराशुभ्र गोळा. भर दुपारचं वाळवंट माझ्याकडे चांदण्यात उभं होतं.

पिवळा त्यात पाचवा रंग, फक्त त्या गोळ्यापुरता, सगळ्यात शेवटी छापलेला. दोन कागद चिकटून मशीनमध्ये गेले की खालच्याला तो रंग लागत नाही. हे मी डोळ्यांनी शंभरदा पाहिलंय. माझी खात्री होती आणि आहे. तिकीट मंडळात दाखवलं, वर्तमानपत्रात फोटो आला, बाहेरदेशच्या मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. सात महिने मी राजा होतो. गोदामातली पोरंसुद्धा उठून उभी राहायची.

मग परीक्षक म्हणून भिंग नेमला गेला. प्रदर्शनाच्या सकाळी मला म्हणतो, “जरा आतल्या खोलीत येता? दोन मिनिटं बोलायचंय.” मी कशाला जातोय? कर नाही त्याला डर कशाला? म्हटलं, “जे काय असेल ते इथेच बोला, सगळ्यांसमोर.” त्याने आणखी दोनदा हळू आवाजात विनवलं. मी आवाज चढवला. मग सांगितलं त्याने, सगळ्यांसमोर. म्हणे रंग छापताना राहिलेला नाही, नंतर धुतला गेलाय. म्हणे तिकिटं तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हे तिकीट शर्टाच्या कॉलरसारखं चमकतं. कॉलरसारखं! भर हॉलमध्ये लोक खदखदून हसले. कोणी धुतला, कशाने धुतला, विचारलं तर तोंडाला कुलूप. पुरावा नसला की असंच होतं.

तपकिरी कागद. तीन दिवस. आणि तेव्हापासून मी चांदोबा.

मीही काही कमी केलं नाही. त्याला दोनदा अध्यक्ष होऊ दिलं नाही. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हा सगळं मंडळ भेटायला गेलं, मी गेलो नाही, हिलाही जाऊ दिलं नाही. ही त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली. बायकांचं मन हळवं.

१० मार्च, सोमवार

पहिली चाळीस पानं बघितली. दोष नाही. डोळे चुरचुरतात.

१२ मार्च, बुधवार

ऐंशी पानं झाली. एका तिकिटाचा कडेचा दात तुटलेला नाही, एक डाग नाही, एक खोटा शिक्का नाही. माणूस इतका स्वच्छ असणं हेच मुळात संशयास्पद आहे, पण तसं अहवालात लिहिता येत नाही.

फक्त अक्षर बिघडलंय. तिकिटांखालच्या ओळी जुन्या पानांवर सरळ आहेत, नव्यांवर डोंगर चढतात नि उतरतात. एके ठिकाणी तर ओळीवर ओळ लिहिलीय. अख्खं आयुष्य पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारणारा हा माणूस! म्हातारपणी आळस शिरला, दुसरं काय.

ही सारखी आत-बाहेर करते. चहा हवा का, पंखा लावू का. मग हळूच म्हणाली, “सापडलं का काही?” म्हटलं, “सापडेल.” म्हणाली, “नाही सापडलं तर निर्दोष लिहाल ना?” मी पान उलटलं. ही कोणाच्या बाजूने आहे, कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

शेवटचं पान. त्यावर एकच तिकीट. आपलं वाळवंट! खडक, वाळू, आभाळ आणि खणखणीत पिवळा सूर्य. पाकिटाच्या फाडलेल्या कोपऱ्यासकट चिकटवलंय, तिकीट त्या कागदावरून सोडवलेलंसुद्धा नाही. गोल शिक्का त्या वाळवंटातल्याच पोस्टाचा. कागदावर पत्त्याच्या ओळीचं शेपूट आलंय, शाईची दोन अक्षरं. खाली भिंगाने लिहिलंय: ‘हिच्या पत्रावरचं. ती नर्स म्हणून तिकडे एक वर्ष होती. आम्ही लांब राहिलो ते तेवढंच वर्ष.’

तिकिटांच्या अल्बममध्ये संसार कशाला आणायचा? पण असो. प्रदर्शनाचं शेवटचं पान म्हणजे मुकुटातला मणी. हे पान त्याच्या जिवाचं आहे हे आंधळ्यालाही कळेल.

आणि मला एकदम सुचलं. दोष सापडत नसेल तर घडवायचा! याच पानावरचा सूर्य जर नाहीसा झाला, जर भिंगाच्या अल्बममध्ये, भिंगाच्या अक्षराखाली, पांढरा गोळा उगवला, तर? मग म्हणेन, मास्तर, सगळ्यांसमोर सांगा की, कोणी धुतला?

वहीत लिहितानाही छातीत धडधडलं. चांगल्या अर्थाने.

१४ मार्च, शुक्रवार

माझ्याकडे या तिकिटाच्या सुट्या प्रती नऊ आहेत. आधी त्यांच्यावर प्रयोग. लिंबाचा रस: काही नाही. व्हिनेगर: काही नाही. उकळतं पाणी: खडक थोडा फिकटला, सूर्य जागच्या जागी. साबण: तिकिटाला वास आला, बाकी शून्य.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर गच्चीत उन्हात ठेवलं. धुण्याच्या सोड्यात बुडवलं. भांडी घासायच्या पावडरीत बुडवलं. सूर्य हलत नाही!

संध्याकाळी पाच वाजता, ओलं तिकीट चिमट्यात धरून उभा असताना, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. सूर्य धुतला जातच नाही. म्हणजे भिंग खोटं बोलला होता! मी कसल्या कपटाच्या नादी लागलो होतो? माझ्या हातात तर सरळ सरळ पुरावा आलाय. गाढवासारखा नाचलो. ही दारात उभी राहून बघत होती, पण हसली नाही.

१६ मार्च, रविवार

आज दुपारी हिला सगळं समजावून सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, “तेवीस तारखेला भर हॉलमध्ये टेबलावर भांडं ठेवतो. त्यात तिकीट बुडवतो. म्हणतो, घ्या मास्तर, घालवा सूर्य! बघू दे सगळ्यांना.”

हिच्या हातातली घडी विस्कटली.

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर! त्याने तसंच केलं होतं ना?”

हिने उशीचा एकच अभ्रा तीनदा दुमडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “नुसत्या पाण्यात बुडवून नाही जात तो. कोमट पाण्यात सोडा आणि ती कपड्यांना चकाकी आणणारी पावडर, दोन्ही एकत्र. तासभर. आणि मग ओलं आहे तोवरच इस्त्री. इस्त्रीनेच जातो.”

म्हटलं, करून बघू. केलं. इस्त्री उचलली तर खाली पांढरा गोळा! तांबूस खडक, निळं आभाळ आणि मध्ये चंद्र. मी बघतच राहिलो. बायकांना डागांची अक्कल उपजतच असते. आम्ही एकतीस वर्षं रंगात लोळूनही कोरडे.

आधी थोडा हिरमुसलो, कारण माझा पुरावा गेला. पण मग विचार केला: सूर्य जाऊ शकतो, एवढंच सिद्ध झालं. माझा तसा गेला, हे कुठे सिद्ध झालं? चोरी होऊ शकते म्हणून शेजारी चोर ठरत नाही. उलट हत्यार आयतं हातात आलंय. पहिला बेत कायम.

हिला म्हटलं, “बरं केलंस सांगितलंस, हॉलमध्ये फजिती झाली असती.” ही म्हणाली, “तेच म्हटलं मी.” आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

१७ मार्च, सोमवार

ही सकाळी बहिणीकडे गेली. दार लावून घेतलं.

पान अल्बममधून काढलं. तिकीट त्या कोपऱ्याच्या कागदासकट कोमट पाण्यात सोडलं. सोडा, पावडर, एक तास. पहिल्या पाच मिनिटांतच कागदावरची ती दोन अक्षरं सुटली, शाईचा निळा धूर पाण्यात पसरला आणि विरला. तिकिटाशी त्याचा काही संबंध नाही. कागद लगदा होऊन तिकिटापासून सुटला, तो बेसिनमध्ये टाकला. शिक्क्याची शाई पक्की होती, राहिली. मग इस्त्री. सूर्य गेला.

चिकटपट्टी लावून तिकीट होतं तिथे बसवलं. अहवाल लिहिला: ‘शेवटचे पान संशयास्पद. पिवळा रंग धुतलेला.’ पाकीट बंद केलं, अजून डॉक्टरांकडे दिलं नाही. स्वतः नेऊन देणार आहे.

आनंद झाला. झालाच. बावीस वर्षांचं ओझं उतरलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. खात्री करायला म्हणून जांभळा दिवा काढला. खिडकीला चादर लावून त्याखाली भिंगाचं तिकीट धरलं. निळं-पांढरं चमकलं. मग उगाच माझं जुनं, ते तपकिरी कागदाखालचं, काढलं आणि शेजारी ठेवलं. तेही तसंच चमकलं. अगदी तसंच. अल्बममधली बाकीची दहा-बारा तिकिटं धरून पाहिली, तर ती काळीभोर. माझा पांढरा शर्ट खुंटीवर होता, त्याची कॉलर तेवढी चमकत होती.

ही पाच वाजता आली. चहा केला. मी घेतला नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज विचारलं. सरळ विचारलं. “तुला कसं ठाऊक, इस्त्रीने जातो ते?”

ही खुर्चीवर बसली. कधी दुपारची बसत नाही.

म्हणाली, “तुमच्या शर्टाच्या खिशात होतं. कोणत्या तरी पाकिटाचा कोपरा फाडून तुम्ही खिशात टाकलात आणि विसरलात. नेहमीच विसरता. मी शर्ट सोडा-पावडरीत टाकला. वर आलं तेव्हा कागदाचा लगदा झाला होता, तिकीट तेवढं शाबूत. वाटलं, तुम्ही ओरडाल. म्हणून शर्टाबरोबर त्याच्यावरूनही इस्त्री फिरवली आणि अल्बममध्ये सरकवून दिलं. सूर्य गेला ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं हो.”

“आणि नंतर?”

“नंतर रविवारी तुम्ही ओरडत आलात. गोदामात टाकल्यापासून चार महिने तुम्ही जेवताना एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी तुम्ही मला उचललंत. त्या वयात! मी कशी सांगणार? म्हटलं, दोन दिवसांनी सांगते. दोन दिवसांनी फोटो छापून आला. मग बाहेरदेशचं पत्र आलं.”

मी म्हटलं, “बावीस वर्षं?”

“तिकडे मोठी मोठी माणसं ते तपासणार होती. तिथे पकडलं गेलं असतं तर तुम्हाला कायमचं खोटारडे ठरवलं असतं. म्हणून मी मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं. इस्त्रीनेच गेला, हे त्यांनीच सांगितलं मला. म्हटलं, कसंही करून इथेच थांबवा, पण माझं नाव घेऊ नका. ते म्हणाले, वहिनी, मी त्यांना बाजूला घेऊन समजावतो, कोणाला कळणार नाही. त्यांनी बोलावलं होतं ना तुम्हाला आतल्या खोलीत?”

बोलावलं होतं. तीनदा.

मी खूप बोललो हिला. नको ते बोललो. बावीस वर्षं माझ्याच ताटात वाढत होतीस, माझ्याशी त्या माणसाबद्दल होला हो म्हणत होतीस. ही म्हणाली, “हो म्हणत नव्हते. गप्प बसत होते.” मग म्हणाली, “त्यांची बायको गेली तेव्हा तरी जाऊ द्यायला हवं होतंत मला.”

पाकीट कपाटात आहे. पान अल्बममध्ये आहे. हिला सोमवारचं काहीच माहीत नाही. तिला वाटतंय मी कृती विचारली ती नुसती करून बघायला.

१९ मार्च, बुधवार

ही जेवली नाही, मीही नाही. तिला वाटतंय मी तिच्यावर चिडलोय. चिडलोयही. पण दिवसभर डोळ्यांसमोर येतो तो पाण्यात पसरणारा निळा धूर.

अहवालाचं पाकीट फाडलं. दुसरा अहवाल काय लिहायचा, सुचत नाही. ‘निर्दोष’ लिहिलं तर हॉलमधला पहिला येणारा म्हणेल, अरे, मास्तरांकडेही चंद्र! त्याने कोणाला काय सांगायचं? तो हिचं नाव घेणार नाही. तेव्हाही घेतलं नाही. मी बाजारात, मंडळात, डॉक्टरांच्या जिन्यात त्याला खोटारडा म्हणत होतो आणि तो माझ्या बायकोची अब्रू राखून गप्प होता. ज्याच्यावर बावीस वर्षं दात ठेवले त्याने आपल्यालाच सांभाळलेलं असावं, याचासुद्धा राग येतो. खरंच येतो, खोटं कशाला लिहू?

उद्या जातो. नियम मोडून जातो.

२० मार्च, गुरुवार

गेलो. अल्बम काखेत घेऊन. जाताना हिला म्हटलं, मास्तरांकडे जाऊन येतो. तिचा चेहरा असा उजळला की मला जिना उतरवेना.

त्याचं घर तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. कडी काढायला त्याला वेळ लागला. आतून हात दारावर चाचपडत फिरल्याचा आवाज येत होता.

“कोण?”

“मी.”

“अरे! तुम्ही? अजून बारा दिवस झाले नाहीत. नियम मोडलात की!” असं म्हणून माझ्या कानाकडे बघून हसला. मग त्याने स्वतःच सांगितलं, “डोळ्यांचं मधलं गेलंय, दोन वर्षं झाली. कडेकडेचं थोडं दिसतं. तुमचा चेहरा बघायचा तर मला तुमच्या कानाकडे बघावं लागतं. कोणाला बोललो नाही. मंडळात कळलं तर कीव करत बसतात.”

मी बसलो. म्हटलं, “मास्तर, मला हिने परवा सांगितलं. शर्टाचं.”

तो म्हणाला, “बरं झालं. त्यांना हलकं वाटलं असेल.” बस. एवढंच. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली, म्हणजे मागायचा प्रयत्न केला. मला ते कधी जमलेलं नाही. त्याने हात हलवून थांबवलं. “राहू द्या हो. अल्बम आणलाय ना? शेवटचं पान काढा बघू. आता तुम्ही आलाच आहात तर एक काम करा. तुम्ही रंगातले. सांगा, सूर्य कसा आहे अजून? मला वाटत राहतं, फिका पडला असेल.”

मी पान उघडलं. पांढरा गोळा माझ्याकडे बघत होता. सगळं सांगायला म्हणूनच मी तिथवर गेलो होतो. आणि मी म्हणालो, “पिवळाधमक आहे. कालच छापल्यासारखा.”

“वा,” तो म्हणाला. खूश झाला बिचारा.

मग त्याने हात पुढे केला. तिकिटाला बोट लावायचं नाही, हा मंडळात त्यानेच घालून दिलेला नियम. त्याने पानावरून बोट सावकाश नेलं, तिकिटाच्या कडेला आणलं, आणि तिथे थांबवलं. पुन्हा एकदा चारही बाजूंनी फिरवलं.

“खालचा कागद कुठाय?”

माझी नजर त्याच्या बोटावर होती.

“पाकिटाचा कोपरा. होता ना इथे?” आवाज अजून साधाच होता, चष्मा कुठे ठेवला असं विचारावं तसा. “ती पाकिटावर माझं नाव लिहायची नाही, चेष्टेने नुसतं ‘मास्तर’ लिहायची. त्यातली शेवटची दोन अक्षरं राहिली होती त्यावर. तिची बाकीची पत्रं घर बदलताना गेली. अक्षरं दिसेनाशी झाली तरी कागद हाताला लागायचा.”

मग सांगितलं मी. सोमवारचं सगळं, पाण्यापासून इस्त्रीपर्यंत. सूर्याबद्दल खोटं बोललो तेही सांगितलं. ‘कागद बेसिनमध्ये टाकला’ हे दोनदा सांगावं लागलं. तो ऐकत होता, बोट तिथेच ठेवून. सूर्याचं त्याने काही विचारलं नाही.

मग म्हणाला, “इस्त्रीचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

मी खाली बघितलं. त्याला दिसलं नसणार, पण कळलं.

“वहिनींना हे कधीच कळू देऊ नका,” तो म्हणाला. “एका शर्टापायी बावीस वर्षं झिजल्या त्या. आता हे त्यांच्या डोक्यावर नको.”

“मास्तर, मला शिव्या द्या. वाटेल ते बोला.”

“ते पान काढून घ्या आणि घेऊन जा. बाकीचा अल्बम ठीक आहे ना?”

“एकही डाग नाही.”

“मग निर्दोष लिहा.” त्याने अल्बम चाचपून मिटला आणि माझ्या हातात दिला. दारापर्यंत आला. कडी काढताना म्हणाला, “आणि तुम्ही आता इथे येत जाऊ नका.” रागाने म्हणाला नाही. कानाकडे बघूनही म्हणाला नाही. तोंड भिंतीकडे होतं.

येताना पान कोटाच्या आत ठेवलं होतं. ते कुठे ठेवायचं, ठरत नाही. ही वहीही उद्यापासून कुलपात.

ही दारातच उभी होती. “काय म्हणाले मास्तर? माझ्यावर रागावले नाहीत ना?”

“छे. तुझीच चौकशी करत होते.”

हिने डोळे पुसले आणि हसली. बावीस वर्षांत असं हसलेली पाहिली नव्हती. म्हणाली, “सुटले बाई एकदाची! प्रदर्शन झालं की दुसऱ्याच दिवशी बोलावू या त्यांना. एकटे असतात. मी येऊ देते की नाही बघा आता तुमचा तो अबोला मध्ये!”

म्हटलं, “बोलावू.”

तिने वरच्या फळीवरचे चांगले कप काढलेत. तीन धुऊन ओट्यावर पालथे घातलेत.